एडिटर ज्याचा त्याचा, नियम प्रोजेक्टचे

पत्र

आमची सातपूरला छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. आठ जणांची टीम, मी लीड. बाजार समितीतले आडतदार आणि द्राक्ष व्यापारी यांच्यासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो, रिअ‍ॅक्ट आणि नोडमध्ये. बहुतेक जण व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर वापरतात, पण प्रत्येकाची एक्स्टेंशन्स, म्हणजे त्याला जोडायची पूरक साधनं, वेगळी. कोणी दोन ओळी बदलल्या तरी रिव्ह्यूला चारशे ओळींचा फरक दिसतो. सरांनी ४० एक्स्टेंशन्सची यादी काढली आहे आणि ती सोमवारपासून सगळ्यांना सक्तीची करायची म्हणतात. काही लॅपटॉप ८ जीबी रॅमचे आहेत, ते आत्ताच रखडतात. आमचे सर्वांत अनुभवी दादा विम हा टर्मिनलमध्ये चालणारा जुना एडिटर वापरतात. ते म्हणाले, "मला यातून वगळा." नवी मुलं मराठी मजकुरावर एडिटर चौकटी काढतो म्हणून ते सेटिंगच बंद करून टाकतात. टीमचं स्वतःचं एक्स्टेंशन लिहावं असंही सरांच्या मनात आहे. सगळ्यांना एकच सेटअप लावू का?

– एक टीम लीड, नाशिक

उत्तर

ताई, सोमवारची सक्ती आधी थांबवा. सरांची काळजी खरी आहे. टीमचं काम एकसारखं व्हावं असं त्यांना वाटतं, आणि ते वाटायलाच हवं. पण ४० एक्स्टेंशन्स सगळ्यांच्या माथी मारून ते साधणार नाही. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: कोड कसा असावा, आणि माणसाने तो कशात लिहावा. पहिला प्रश्न टीमचा, दुसरा ज्याचा त्याचा. लासलगावला कोणी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून कांदा आणतो, कोणी पिकअपमधून, पण भुईकाटा सगळ्यांना एकच असतो. तुमच्या टीमला तसा एक काटा हवा आहे, आणि तो एडिटरमध्ये नाही, रेपोमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या सामाईक कोडच्या साठ्यात, बसवायचा असतो.

आधी त्या चारशे ओळी कुठून येतात ते शोधा. रिव्ह्यू उघडलात की रिकाम्या जागांचे बदल लपवण्याचा पर्याय निवडा. फरक एकदम दोन ओळींवर आला, तर दोष इंडेंटचा (ओळीआधीच्या मोकळ्या जागेचा) किंवा ओळींच्या शेवटांचा आहे. विंडोजवर ओळ संपताना दोन अदृश्य खुणा पडतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. लिनक्स आणि मॅकवर नुसता लाइन फीड. एखाद्या एडिटरने सेव्ह करताना या खुणा बदलल्या की डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या लेखी फाइलमधली प्रत्येक ओळ नवी होते. रेपोच्या अगदी वरच्या पातळीवर डॉट-गिटअ‍ॅट्रिब्यूट्स ही फाइल ठेवा, तिच्यात सगळ्या टेक्स्ट फाइल्सना लाइन फीड ठरवून द्या, आणि 'गिट अ‍ॅड'ला रीनॉर्मलाइझचा पर्याय देऊन जुन्या फाइल्स एकदा सरळ करून घ्या. मग कोणाच्या मशीनवर गिटचं कोणतं सेटिंग आहे हे विचारत बसावं लागणार नाही.

रिकाम्या जागा लपवूनही फरक मोठाच राहिला, तर तो फॉरमॅटरचा, म्हणजे कोडची मांडणी आपोआप लावणाऱ्या साधनाचा. तुमचं काम रिअ‍ॅक्ट-नोडमध्ये असल्याने बहुतेकांकडे प्रिटिअर हा फॉरमॅटर असेलच. इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. व्हीएस कोडमधलं प्रिटिअरचं एक्स्टेंशन आधी तुमच्या प्रोजेक्टमध्ये प्रिटिअर बसवलेलं आहे का ते पाहतं. असेल तर ते वापरतं, नसेल तर स्वतःबरोबर आलेली आवृत्ती वापरतं. म्हणजे दोघांकडे तेच एक्स्टेंशन असूनही आवृत्त्या वेगळ्या असू शकतात. आणि आवृत्तीने फरक पडतो. २०२३ मध्ये आलेल्या प्रिटिअर ३ ने शेवटच्या घटकानंतरच्या स्वल्पविरामाचा मूळ नियम बदलला. पूर्वी फंक्शनच्या आर्ग्युमेंट्समध्ये तो स्वल्पविराम येत नसे, आता येतो. एकाकडे २ आणि दुसऱ्याकडे ३ असेल तर तोच कोड दोघांमध्ये चेंडूसारखा फिरत राहतो, आणि दोघांनाही वाटतं की चूक समोरच्याची आहे.

म्हणून प्रिटिअर प्रोजेक्टच्या पॅकेज डॉट जेसॉनमध्ये नोंदवा, आवृत्ती नेमकी लिहा, आकड्याआधी कॅरट (^) ठेवू नका. त्याची कॉन्फिग फाइल रेपोमध्येच ठेवा. एडिटरकॉन्फिगची फाइलही ठेवा. तिच्यात इंडेंट, एन्कोडिंग, ओळीचा शेवट एवढंच असतं, पण ती जवळजवळ सगळे एडिटर, थेट किंवा एक्स्टेंशनच्या मदतीने, वाचतात. चुका पकडायचं काम ईएसलिंटला द्या आणि दिसण्याचं काम प्रिटिअरला. दोघांना एकाच कामाला लावलं की सेव्ह केल्यावर कोड एकदा इकडे हलतो, एकदा तिकडे. ईएसलिंटनेच २०२३ मध्ये आपले फॉरमॅटिंगचे नियम मोडीत काढले आहेत, तेव्हा ही वाटणी करताना कोणाला शंका उरायला नको.

आणि यावर शिक्कामोर्तब करणारी पायरी म्हणजे सर्व्हरवरची तपासणी. पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती, आली की प्रिटिअरचं 'चेक' आणि ईएसलिंट आपोआप चालले पाहिजेत. नापास झालं तर मर्ज नाही, मग लिहिणारा फ्रेशर असो की सर. सक्ती इथे असावी. एडिटरमधली सक्ती कोणीही एका क्लिकमध्ये बंद करतो. सर्व्हरवरची तशी बंद करता येत नाही, आणि ती कोणाच्या सवयीतही ढवळाढवळ करत नाही.

जुना सगळा कोड एकदाच फॉरमॅट करावा लागेल. तो वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या बदलांच्या वेगळ्या नोंदीत, करा, त्या कमिटमध्ये दुसरा एकही बदल नको. उघड्या ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) कमीत कमी असतील असा दिवस निवडा, नाहीतर कॉन्फ्लिक्ट सोडवण्यात आठवडा जाईल. द्राक्षाचा हंगाम चालू असताना, म्हणजे व्यापाऱ्यांचे रोज फोन येतात तेव्हा, हे काम काढूच नका. अशा कमिटनंतर 'ही ओळ कोणी लिहिली' असं विचारलं की गिट ब्लेम सगळीकडे फॉरमॅट करणाऱ्याचं नाव सांगतं, अशी तक्रार असते. त्यावर २०१९ च्या गिट २.२३ पासून सोय आहे: दुर्लक्ष करायच्या कमिटचे क्रमांक एका फाइलीत लिहायचे आणि गिटच्या सेटिंगमध्ये त्या फाइलीचं नाव द्यायचं.

आता सरांच्या यादीकडे वळू.

रेपोमध्ये डॉट-व्हीएसकोड नावाचं फोल्डर करा. त्यात एक्स्टेंशन्स डॉट जेसॉन ही फाइल ठेवली आणि तिच्यात नावं लिहिली, की प्रोजेक्ट उघडणाऱ्याला एडिटर स्वतः विचारतो, 'ही शिफारस केलेली एक्स्टेंशन्स टाकू का?' ही शिफारस आहे, सक्ती नाही, आणि टीमला एवढंच पुरतं. या यादीत काय असावं याची माझी कसोटी साधी आहे: हे नसेल तर प्रोजेक्टच्या कामात अडचण येते का? तुमच्यासाठी एडिटरकॉन्फिग, प्रिटिअर, ईएसलिंट आणि स्पेलिंग तपासणारं एक, एवढी चार पुरेत. व्हीएस कोडला एडिटरकॉन्फिगची फाइल स्वतःहून वाचता येत नाही, त्यामुळे पहिलं लागतंच. त्याच फोल्डरमधल्या सेटिंग्ज डॉट जेसॉनमध्ये सेव्ह करताना फॉरमॅट करणं आणि फॉरमॅटर कोणता, एवढंच लिहा. तिथलं सेटिंग माणसाच्या स्वतःच्या सेटिंगवर मात करतं, म्हणून थीम, फाँटचा आकार, मिनीमॅप असल्या गोष्टी तिथे कधीही टाकू नका. कोणाला डोळ्यांच्या त्रासामुळे मोठी अक्षरं लागतात, कोणाला पांढरी पार्श्वभूमी. त्यात टीमने पडायचं कारण नाही.

उरलेल्या ३६ मधली काही आता गरजेचीच उरलेली नसतील. कंसांच्या जोड्या रंगवणारं एक्स्टेंशन एके काळी जवळपास प्रत्येकाकडे असायचं. २०२१ मध्ये व्हीएस कोडने ते काम स्वतःत घेतलं, आणि मोठ्या फाइल्सवर ते दहा हजार पटीपर्यंत वेगवान झाल्याचं तेव्हा जाहीर केलं. कारण एक्स्टेंशनला एडिटरच्या आतल्या रचनेत हात घालता येत नाही, त्याला बाहेरून सगळी फाइल पुन्हा वाचावी लागते. एचटीएमएलचा सुरुवातीचा टॅग बदलला की शेवटचा बदलणं, सेटिंग्ज दुसऱ्या मशीनवर नेणं, हेही आता एडिटरमध्येच आहे. जुन्या याद्या एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि कोणी तपासत नाही. यादीतल्या प्रत्येक नावापुढे 'हे एडिटरमध्ये आलं आहे का' एवढं एकदा बघून घ्या.

८ जीबीच्या लॅपटॉपचं दुखणं मात्र अंदाजाने सोडवू नका, मोजा. कमांड पॅलेट उघडून 'शो रनिंग एक्स्टेंशन्स' निवडा. कोणतं एक्स्टेंशन सुरू व्हायला किती मिलीसेकंद लागले ते तिथे दिसतं. सगळी एक्स्टेंशन्स एका वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात. त्यामुळे एखादं अडकलं तरी टायपिंग सहसा थांबत नाही, पण सूचना, फॉरमॅट, चुका दाखवणं हे सगळं रखडतं, कारण बाकीची एक्स्टेंशन्स त्याच्यामागे ताटकळत असतात. दोषी कोण हे कळत नसेल तर 'एक्स्टेंशन बायसेक्ट' चालवा. एडिटर निम्मी बंद करून विचारतो, 'अजून त्रास आहे का?' मग त्यातली निम्मी. ४० असली तरी सहा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. आणखी एक: फ्रंटएंड आणि बॅकएंड दोन खिडक्यांत उघडले की एक्स्टेंशन्सची ती प्रोसेसही दोनदा चालते. लहान मशीनवर दोन्ही फोल्डर एकाच वर्कस्पेसमध्ये उघडायला सांगा.

आता जे लिहितो ते सरांनाही वाचून दाखवा. व्हीएस कोडमधल्या एक्स्टेंशनला मोबाइलवरच्या अ‍ॅपसारख्या वेगळ्या परवानग्या नसतात. एडिटर जे करू शकतो ते सगळं ते करू शकतं: फाइल्स वाचणं, प्रोग्रॅम चालवणं, इंटरनेटवर माहिती पाठवणं. तुमच्या डॉट-ईएनव्ही फाइलमधला डेटाबेसचा पासवर्डही त्याच्या आवाक्यात असतो. नावाशेजारी निळी खूण आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. प्रकाशकाने आपलं संकेतस्थळ आपलंच असल्याचं सिद्ध केलं आहे, एवढाच तिचा मुख्य अर्थ. आतला कोड कोणी ओळ न ओळ तपासल्याचं ती सांगत नाही. शिवाय एक्स्टेंशन्स आपोआप अपडेट होतात. आज चांगलं असलेलं उद्या दुसऱ्याच्या हाती गेलं, तर नवा कोड तुमच्या आठही मशीनवर न विचारता येतो. तुमच्याकडे शेतकऱ्यांची नावं, बँकेचे खाते क्रमांक, कोणाला किती उचल दिली याच्या नोंदी आहेत. त्या माणसांनी तुमच्यावर आणि आडतदारावर विश्वास ठेवला आहे. ४० एक्स्टेंशन्स म्हणजे बहुतेक अनोळखी अशा ४० लेखकांना त्या दप्तराच्या खोलीत येऊ देणं. मला त्यातली एक-एक कमी होताना बघायला आवडेल. व्हीएस कोड १.९६ पासून 'एक्स्टेंशन्स डॉट अलाउड' हे सेटिंग आलं आहे, त्यात ठरावीक प्रकाशकांनाच मुभा देता येते. सरांना काही सक्तीचं करायचंच असेल तर हे करावं.

यादीत एआय सहायक असतील तर त्यांचा वेगळा विचार करा. त्यांतले बहुतेक कोडचा भाग बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात. ग्राहकाशी झालेल्या करारात याला जागा आहे का ते आधी बघा, आणि चाचणीच्या फाइल्समध्ये खऱ्या शेतकऱ्यांची माहिती असेल तर ती आजच काढून बनावट माहिती घाला. एआय वापरा किंवा नका वापरू, हे तरी करायलाच हवं.

मराठी मजकुरावरच्या चौकटींबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, पण मला तो तुमच्या पत्रातला फार मोलाचा मुद्दा वाटला. ते सेटिंग २०२१ च्या शेवटी आलं. दिसायला साधा पण प्रत्यक्षात भलतंच काही करणारा कोड अदृश्य किंवा फसव्या वर्णांच्या आडून लिहिता येतो, हे त्या सुमारास उघड झालं होतं. म्हणून एडिटर असे वर्ण चौकटीत दाखवतो. मराठीत 'शेतकऱ्याचे', 'व्यापाऱ्यांना' हे शब्द दोन प्रकारे टाइप होतात. एका कीबोर्डवर टिंबाचा ऱ, हलन्त आणि य अशी अक्षरं पडतात. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण कंप्युटरला ते दोन वेगळे शब्द आहेत. व्यापाऱ्याने शोधात एका पद्धतीने लिहिलं आणि नोंद दुसऱ्या पद्धतीने असेल, तर नोंद असूनही सापडत नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे समान मानलेले वर्ण एकाच रूपात आणणं, तेही या दोघांना एक करत नाही. तुमच्या मुलांना चौकट दिसते तेव्हा एडिटर बऱ्याचदा नेमकी ही जागा दाखवत असतो, आणि ती मुलं दिवा विझवून टाकतात.

ते सेटिंग चालू ठेवा. टीमने एक पद्धत ठरवा, माझं मत टिंबाच्या ऱ ला. मजकुराच्या फाइल्समध्ये दुसरी पद्धत सापडली तर बदलणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि ती सर्व्हरच्या तपासणीत घाला. वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये भरलेलं नावही साठवण्याआधी त्याच स्क्रिप्टमधून जाऊ द्या. एखाद्या शब्दाला जोडक खरंच लागत असेल तर तेवढाच वर्ण परवानगीच्या यादीत टाकता येतो, सगळं सेटिंग घालवायची गरज नाही.

स्पेलिंगच्या एक्स्टेंशनचंही असंच आहे. तुमच्या कोडमध्ये आडत, हमाली, तोलाई, सातबारा, गट, उचल हे शब्द रोमन लिपीत येत असणार, आणि तपासनीस त्या सगळ्यांखाली रेघ मारत असणार. ते बंद करू नका, प्रोजेक्टचा शब्दकोश करा. स्पेल चेकरची कॉन्फिग फाइल रेपोमध्ये ठेवून तिच्यात हे शब्द एकदाच ठरवून लिहा. तोलाईचं स्पेलिंग एकाने एक, दुसऱ्याने दुसरं केलं की व्हेरिएबल दोन होतात आणि हिशेब चुकतो. नवीन आलेल्या मुलालाही ही यादी वाचून धंद्याची भाषा कळते.

टीमचं स्वतःचं एक्स्टेंशन मात्र आत्ता नको. तुम्हाला त्यातून हवं असलेलं बरंचसं डॉट-व्हीएसकोड फोल्डरमध्येच होतं. नेहमीचे कोडचे तुकडे स्निपेटच्या फाइलीत, सर्व्हर सुरू करणं आणि चाचण्या चालवणं टास्क्स डॉट जेसॉनमध्ये, डीबगरची जुळणी लाँच डॉट जेसॉनमध्ये. नवा माणूस रेपो उतरवून घेतो आणि हे सगळं त्याला लगेच मिळतं. एक्स्टेंशन लिहिलं की ते सांभाळायला कायम एक माणूस लागतो, आणि आठ जणांच्या टीमला तो परवडत नाही.

राहिले दादा. त्यांना वगळू नका, आणि व्हीएस कोडही वापरायला लावू नका. इतक्या वर्षांचा हातखंडा मोडून त्यांच्याकडून कामाचा वेग कसा मागणार? वरचे नियम रेपोमध्ये आले की त्यांना वेगळी सवलत लागतच नाही. विमचा नवा अवतार असलेल्या निओविमला ०.९ पासून एडिटरकॉन्फिग मुळातच वाचता येतं. साध्या विमच्या अलीकडच्या आवृत्त्यांबरोबर त्याचं प्लगइन येतं, फक्त चालू करावं लागतं. प्रिटिअर आणि ईएसलिंट टर्मिनलमधून चालतात. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्हीबरोबर लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला तो याचसाठी, की भाषेचं ज्ञान एका एडिटरच्या मालकीचं राहू नये. त्यामुळे चुका दाखवणं, व्याख्येकडे उडी मारणं हे विममध्येही होतं.

उलट ही सगळी तपासणी बसवायचं काम दादांकडेच द्या. एडिटरच्या बाहेर, टर्मिनलमध्ये सगळं चालायला हवं, हा आग्रह त्यांच्याइतका दुसरा कोणी धरणार नाही. सरांशी बोलायला जाताना त्यांना बरोबर घ्या, आणि मागच्या आठवड्यातली एक पुल रिक्वेस्ट दोन प्रकारे छापून न्या: आहे तशी, आणि रिकाम्या जागांचे बदल लपवून. पहिल्या कागदांत बदललेला हिशेब शोधायला सरांना किती वेळ लागतो, ते त्यांनाच पाहू द्या.